पावलांनी मोजलेले शहर

मूल तीन-चार वर्षांचे झाले, की शहरातल्या घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. त्याला कोणत्या शाळेत घालायचे, हा पहिला. आणि ते रोज तेथे जाणार कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दूरच्या नामांकित शाळेत सापडते, मग दुसऱ्याचे उत्तर ओघानेच येते. स्कूलबस, व्हॅन, नाहीतर घरची मोटार. मूल ज्या शहरात राहते ते शहर त्याला काचेतूनच दिसू लागते.

सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात एका नवविवाहित दांपत्यापुढे हेच प्रश्न त्या काळच्या रूपात होते. त्यांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे रूढ वाटेच्या अगदी उलट दिली. पती पॅट्रिक गेडिस वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, पत्नी अ‍ॅना लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची संगीतप्रेमी कन्या. गेडिस यांचे नाव महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचित नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक हेच. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते. परंतु हे शास्त्र त्यांना सुचले ते एखाद्या कार्यालयातील नकाशाच्या मेजावर नव्हे. वस्तीत राहून तीन मुले वाढवताना ते त्यांच्या हाती लागत गेले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील बॅलेटर गावचा. वडील लष्करात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराच्या कडेला, किनूल टेकडीजवळच्या एका घरात राहायला गेले. घराभोवती बाग होती. सैनिकी शिस्तीतल्या वडिलांना बागकामाचे वेड होते आणि मुलाला बरोबर घेऊन रानात हिंडण्याचेही. वाफ्यात बटाटे लावावेत, टेकडीवर चढून खाली पसरलेले शहर, नदी आणि शेते एका नजरेत पाहावीत, हे पॅट्रिकचे खरे बालशिक्षण. शाळा संपल्यावर त्याने काही काळ बँकेत उमेदवारी केली, सुताराकडे काम शिकला, प्रयोगशाळेसाठी घरच्यांनी त्याला एक शेडही उभारून दिली. पुढे एडिंबरो विद्यापीठात नाव घातले आणि जेमतेम आठवड्याभरात ते सोडून दिले. लंडनला जाऊन टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. इतके सारे शिकूनही परीक्षा देऊन मिळवलेली पदवी या भावी प्राध्यापकाच्या नावापुढे कधीच लागली नाही.

१८७९ मध्ये मेक्सिकोत नमुने गोळा करीत असताना त्यांच्या डोळ्यांवर आघात झाला. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर बेतलेली कारकीर्द तेथेच संपली. दृष्टी परतली, पण भिंगाखाली तासन्‌तास पाहण्याइतकी नव्हे. ज्याला पेशी पाहायच्या होत्या, त्याला त्यानंतर शहरे पाहावी लागली.

१८८६ मध्ये पॅट्रिक आणि अ‍ॅना यांचा विवाह झाला. बिऱ्हाड कोठे करावे, हा प्रश्न त्या काळच्या एडिंबरोत सुशिक्षितांना पडतच नसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुंद, सरळ रस्त्यांची 'न्यू टाउन' वसत गेली होती आणि ज्याला परवडेल तो तिकडे गेला होता. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतच्या डोंगरधारेवरचे 'ओल्ड टाउन' गरिबांसाठी मागे उरले. सहा-सात मजली दगडी चाळी, त्यांच्यामधून जाणारे अरुंद बोळ, कोंदट अंगणे. तेथील जेम्स कोर्ट या इमारतीत एकेकाळी डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ राहिला होता. १८८६ पर्यंत तिची रया गेलेली होती. गेडिस दांपत्याने आपले बिऱ्हाड नेमके तेथे थाटले.

नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना हा निर्णय विचित्र वाटला असल्यास नवल नाही. पण या दोघांना वस्तीवर उपकार करायचे नव्हते, शेजारी म्हणून राहायचे होते. त्यांनी प्रथम आपल्या खोल्या साफ केल्या, मग जिना, मग अंगण. शेजारी हाताशी आले. भिंतींना चुना लागला, खिडक्यांत फुलांच्या पेट्या आल्या. १८८७ मध्ये जवळच विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले, त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहायचा होता. त्याच वर्षी गेडिस यांची थोरली मुलगी नोरा जन्मली. पुढे १८९१ मध्ये अ‍ॅलेस्डेर आणि १८९५ मध्ये आर्थर. किल्ल्याच्या पायथ्याशी गेडिस यांनी उभारलेल्या 'रॅमसे गार्डन' या इमारतसमूहात कुटुंब मग राहायला गेले. ही घरे प्रशस्त आणि देखणी होती. परंतु वस्ती तीच, बोळ तेच.

या उलाढालीत अ‍ॅना यांच्या माहेरचा पैसाही ओतला गेला. गेडिस एका इमारतीचे काम संपण्याआधी दुसरी विकत घेत. कर्ज इतके वाढले, की १८९६ मध्ये हितचिंतकांना एक कंपनी स्थापून तो सारा व्याप आपल्या ताब्यात घ्यावा लागला. घरखर्चाची तोंडमिळवणी, पाहुण्यांचा राबता, पतीची अपुरी राहिलेली पत्रे आणि तीन मुले, हे सारे अ‍ॅना सांभाळीत होत्या. गेडिस यांच्या चरित्रात ही बाजू थोडक्यात उरकली जाते, पण तीच बाजू ढासळली असती तर पुढचे काहीही उभे राहिले नसते.

आता शाळेचा प्रश्न. स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. शाळांची कमतरता नव्हती. अ‍ॅना यांच्या बहिणीचे यजमान स्वतः एडिंबरोत मुलींच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. तरीही गेडिस यांनी मुलांना लहानपणी शाळेत घातले नाही. त्या वेळच्या शाळांचे अनुदान कित्येक वर्षे मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरत होते. साहजिकच वाचन, लेखन आणि गणित या तीन गोष्टी घोटून घेण्यापलीकडे शिक्षकाला उसंत नसे. गेडिस यांनी या त्रयीऐवजी हृदय, हात आणि मस्तक अशी आपली त्रयी मांडली, आणि तिचा क्रमही मुद्दाम तसाच ठेवला. आधी मुलाला एखाद्या गोष्टीची माया लागावी, मग तिच्यावर त्याचे हात चालावेत, पुस्तक त्यानंतर.

घरचे वर्ग बव्हंशी अ‍ॅना घेत. त्यांनी मुलांना वाचायला शिकवले, संगीत दिले. वडिलांच्या वाट्याला फिरणे आले. बाग तर होतीच. मुलांनी पेरावे, उगवलेले पाहावे, खुडून घरी आणावे. घरी येणारी माणसे हीदेखील एक शाळाच होती. गेडिस एडिंबरोत उन्हाळी अभ्यासवर्ग भरवीत आणि त्यांना फ्रेंच भूगोलवेत्ते एलिझे रेक्लू यांच्यासारखे विद्वान येत. जगाचा भूगोल लिहिणारा माणूस ज्या घरी पाहुणा म्हणून वावरतो, त्या घरातील मुलांना नकाशाची भीती कशी वाटावी? अ‍ॅलेस्डेर तर १९०९ मध्ये विल्यम स्पीअर्स ब्रूस यांच्या स्पिट्सबर्गन मोहिमेबरोबर थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन आला. तेव्हा तो विशीच्याही आतला होता. त्यानंतर त्याने विद्यापीठाचे शिक्षणही घेतले.

हा प्रयोग प्रत्येक घराला झेपणारा नव्हता, हे उघड आहे. त्यासाठी अ‍ॅना यांच्यासारखी सुशिक्षित आई दिवसभर घरी असावी लागते आणि वडिलांच्या ओळखीचे जग बरेच मोठे असावे लागते. ओल्ड टाउनच्या चाळीतील आईला, जी स्वतः दुसऱ्याकडे धुणे धुवायला जात असे, गेडिस यांचा घरचा वर्ग काय कामाचा? गेडिस यांच्या कार्याचे मोल येथेच कळते. मुलांना शाळेतून काढा, असा प्रचार करीत ते बसले नाहीत. आपल्या मुलांना बागेतून आणि भटकंतीतून जे मिळाले, ते बोळातील मुलांना त्यांच्या दारात कसे मिळेल, याच्या मागे ते लागले.

१८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला आणि त्याला 'आउटलुक टॉवर' असे नाव दिले. त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीत भिंगातून येणारे शहराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर उमटे. पाहुण्यांना गेडिस आधी जिन्याने भराभर वर नेत, म्हणजे रक्त खेळते होऊन दृष्टी तल्लख होते, असा त्यांचा दावा. मग एकेक मजला खाली उतरायचे. वरच्या मजल्यावर एडिंबरो, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषकांचा प्रदेश, मग युरोप आणि तळाला सारे जग. मुलाचे शिक्षण त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यापासून सुरू व्हावे आणि पायरीपायरीने जगापर्यंत जावे, हा विचार या मनोऱ्याच्या जिन्यातच बांधलेला होता.

मनोऱ्याच्या कार्यकर्त्यांनी १९०८ च्या सुमारास ओल्ड टाउनमध्ये फिरून रिकाम्या जागांची मोजदाद केली. पडक्या इमारतींचे चौथरे, कचऱ्याने भरलेली अंगणे, बोळांच्या मागचे उकिरडे. अशा ७६ जागा निघाल्या आणि त्यांचे एकूण क्षेत्र भरले सुमारे दहा एकर. कोंडलेल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या वस्तीत दहा एकर जमीन पडून होती, फक्त ती कोणाच्या नजरेला पडत नव्हती! नोरा आता वयात आली होती. बागांच्या या कामाची धुरा तिने वाहिली. १९११ पर्यंत सुमारे दहा छोट्या बागा तयार झाल्या. आसपासच्या मुलांनी त्यांत माती उकरली, रोपे लावली. जेम्स कोर्टमध्ये पाळण्यात पडलेली मुलगी त्याच वस्तीतील मुलांसाठी वाफे आखीत होती. आपल्या शिक्षणपद्धतीचा याहून बोलका दाखला गेडिस यांना मिळणे कठीण होते.

सार्वजनिक उद्यानांवर मात्र गेडिस यांचा राग होता. तेथे मुलांना क्रिकेटची खेळपट्टी किंवा फुटबॉलचे खांब मिळतात. परंतु झोपडी बांधणे, गुहा खणणे, ओढ्याला बांध घालणे, असे काही त्यांनी सुरू केले की रखवालदार धावतो. मुलाला जे करावेसे वाटते तेच नेमके उपद्रव ठरते, आणि पुढे मोठी माणसे त्याच्या उनाडपणाची तक्रार करतात. डनफर्मलिन शहरातील उद्यानासाठी १९०४ मध्ये केलेल्या मोठ्या आराखड्यातही त्यांनी मुलांच्या हातांचा विचार केला होता. तो आराखडा विश्वस्तांनी स्वीकारला नाही.

१९१४ च्या अखेरीस गेडिस भारतात आले ते शहरांविषयीचे आपले प्रदर्शन घेऊन. बरोबर अ‍ॅलेस्डेर होता. प्रदर्शनाचे साहित्य ज्या जहाजावर होते ते 'क्लॅन ग्रँट' जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडवले. अनेक वर्षांचे नकाशे, चित्रे, आराखडे तळाला गेले. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन भरलेही. त्यानंतर गेडिस अनेक भारतीय शहरांतून पायी हिंडले. मुंबई इलाख्यातील सहा शहरांवरचा त्यांचा अहवाल १९१५ चा.

त्या काळी भारतात नगरसुधारणेचा अर्थ ठरून गेला होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले गेले. इतर शहरे हाच कित्ता गिरवीत होती. गेडिस यांचे निदान वेगळे होते. बोळ रुंद केला की चार वाहने येतात, सावली जाते, धूळ वाढते, आणि ज्यांची घरे पडली ती कुटुंबे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागतात. गावातील अरुंद, सावलीची गल्ली पायी चालणाऱ्यांसाठी उत्तम आहे. तिच्यातील मोडकी एक-दोन घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावावे, पार बांधावा, म्हणजे म्हातारी माणसे बसतील आणि मुले खेळतील. मोठे रस्ते शहराच्या कडेने न्यावेत. अवयव न कापता रोग काढणाऱ्या शस्त्रवैद्याचे हे तंत्र होते आणि त्याला खर्चही कमी येई. मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तरीही घराचा उंबरा ओलांडला की मुलाचे पाऊल कशावर पडते, या एका कसोटीवर गेडिस रस्ता पारखीत होते.

होळकरांच्या इंदूरचे काम हा या पर्वाचा कळस. शहरात प्लेग होता, आणि हा परका साहेब घरे पाडायला आला आहे, अशी लोकांची समजूत. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. जो मार्ग सर्वांत स्वच्छ, ज्या मार्गावरची घरे नीट दुरुस्त केलेली, त्या मार्गाने मिरवणूक जाईल असे जाहीर झाले. मग गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर निघाल्या, भिंती रंगल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा अवाढव्य पुतळा होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतील सफाई कामगार मानाने चालत होते, आणि घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली. जेम्स कोर्टमधील चुना आणि फुलांच्या पेट्या येथे तुळशीच्या रूपात आल्या होत्या. इंदूरचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र तोवर घरावर घाला पडला होता. युद्धाने अ‍ॅलेस्डेरला फ्रान्सच्या आघाडीवर नेले. बलूनमधून शत्रूच्या हालचाली टिपणाऱ्या दलात तो मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला, शौर्यपदके मिळवली. उंचावरून भूप्रदेश वाचण्याची जी दृष्टी त्याला मनोऱ्याच्या माथ्यावर मिळाली होती, ती अखेर या कामी आली. बापाला याचा अभिमान वाटावा की विषाद? १९ एप्रिल १९१७ रोजी तो मारला गेला. बातमी आली तेव्हा अ‍ॅना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती त्यांच्यापासून लपवली. मुलगा सुखरूप आहे, अशा समजुतीतच जूनमध्ये अ‍ॅना गेल्या. आठ आठवड्यांच्या आत गेडिस यांचे अर्धे घर रिकामे झाले.

मुंबईतील प्राध्यापकपद त्यानंतरचे. १९२४ पर्यंत ते येथे होते. त्यांनी निवडलेले गो. स. घुर्ये इंग्लंडला शिकून आले आणि पुढे विभागाचे प्रमुख झाले. त्यांची समाजशास्त्राची वाट गुरूपेक्षा निराळी निघाली. मुंबई सरकार त्या काळात कामगारांसाठी बी.डी.डी. चाळी बांधीत होते. ही घरे नसून माणसे साठवण्याची गोदामे आहेत, अशा आशयाचे गेडिस यांचे मत प्रसिद्ध आहे. मधल्या काळात, १९२३ मध्ये, ते अमेरिकेत गेले. तेथे ल्यूइस ममफर्ड हा त्यांचा तरुण चाहता त्यांना प्रथमच भेटला. त्याच्या चेहऱ्यात गेडिस यांना अ‍ॅलेस्डेर दिसला. त्यांनी त्याला तसे सांगितले आणि त्यांचे डोळे भरून आले. ममफर्ड गोंधळून गेला. मेलेल्या मुलाची जागा घेणे त्याला शक्य नव्हते आणि गेडिस यांना शिष्यापेक्षा मुलगाच अधिक हवा होता. दोघांचा पत्रव्यवहार पुढे चालू राहिला. ममफर्डने १९२५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव गेडिस ठेवले.

धाकटा आर्थरही भारतात आला होता. रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनाजवळील ग्रामसुधारणेच्या कामात तो रमला, त्या प्रदेशावर त्याने फ्रान्समध्ये प्रबंध लिहिला आणि पुढे एडिंबरो विद्यापीठात भूगोल शिकवला. घरी शिकलेल्या तीन मुलांपैकी एकीने बागा केल्या, एकाने भूगोल. तिसऱ्याने काय केले असते, ते कळायला वाव उरला नाही.

१९२५ मध्ये गेडिस यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे ते काम आहे. मोटारींचे युग आता स्पष्ट दिसू लागले होते. मोठी वाहतूक मोजक्या हमरस्त्यांवर ठेवावी, त्या रस्त्यांच्या मधल्या चौकोनात फक्त घराकडे नेणाऱ्या अरुंद, शांत वाटा असाव्यात आणि चौकोनाच्या मधोमध बाग किंवा खेळाची जागा असावी, अशी त्याची रचना होती. घरातून निघालेल्या मुलाला बागेत पोहोचण्यासाठी हमरस्ता ओलांडावा लागू नये, हे त्या आखणीत आपोआप साधत होते. शहराच्या मध्यभागाची घडण पुष्कळशी त्या आराखड्यानुसार झाली. २००३ मध्ये युनेस्कोने त्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

अखेरची वर्षे गेडिस यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे काढली. तेथील टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निवासी विद्यालय काढले आणि उतारावर बागेचे मजले रचले. १९३२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. एडिंबरोच्या वेस्ट पोर्ट भागात नोराच्या काळातील एक छोटी बाग अजून आहे. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमध्ये, उतारावर, दगडी पायऱ्यांची ती जागा आहे. मोटार तेथपर्यंत जात नाही.